सतराव्या परिच्छेदाला हरकत

"तुमच्या त्या माणसाला बाहेर काढायचं आणि बाहेरच ठेवायचं," मारिट म्हणाली. "सतरावा परिच्छेद मंजूर होईपर्यंत."

जिनिव्हातल्या आमच्या कचेरीत, कॉफीच्या यंत्रापाशी आम्ही उभे होतो. मारिट माझी संचालक, मूळची नॉर्वेची. यंत्र मला कॉफी देत नव्हतं आणि ती तिची पीत होती. आमच्या संबंधांचं याहून अचूक चित्र मला काढता आलं नसतं.

"तो माझा माणूस नाही," मी म्हणालो. "भारत सरकारचा आहे."

"तुमचा नातेवाईक आहे म्हणे. कोण?"

साडूला इंग्रजीत शब्द नाही. इंग्रजांना गरज पडली नसावी. "माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा," मी म्हणालो.

"म्हणजे मित्रच."

"बरोबर उलट."

"उत्तम. मग बोलायला भरपूर असेल." तिनं कप कचऱ्यात टाकला. "परिच्छेद मंजूर झाला की तुमचा कागद मी वर पाठवते. नाही झाला, तर तुमच्या गावात तळी आहेत असं तुम्ही एकदा सांगितलं होतंत. छान असतील."

माझं गाव ठाणे. तळी आहेत. पण मला तिथं परत जायचं नव्हतं.

आमची संस्था जगभरच्या सरकारांना शेतमालाच्या व्यापाराबद्दल सल्ले देत असे. ते कुणी पाळत नसे, पण त्यातला शब्द न् शब्द ठरवताना सरकारं एकमेकांच्या नरड्याला हात घालत. इथं मतदान नव्हतं, सहमती होती. सहमती म्हणजे सगळ्यांना पटलं असं नव्हे. त्या क्षणी खोलीत बसलेल्यांपैकी कुणी समोरची आपल्या देशाची पाटी उभी केली नाही, की झाली सहमती. अध्यक्ष डावीकडे बघत, उजवीकडे बघत, "हरकत दिसत नाही" म्हणत आणि लाकडी हातोडा आपटत. मग देवालाही हरकत घेता येत नसे. जो देश खोलीतच नसेल त्याचीही सहमती धरली जाई. लघवीला गेलेल्या देशांनी अशा किती सहमत्या दिल्या, याचा अभ्यास कुणी केलेला नाही. मी सुचवला होता.

सतरावा परिच्छेद लिहिला मी होता आणि त्यावर नाव मारिटचं होतं. म्हणणं एवढंच होतं की कांदा, तांदूळ, गहू असल्या मालाची निर्यात थांबवायची असेल तर घेणाऱ्या देशांना आधी कळवावं, एका रात्रीत बंदरं बंद करू नयेत. वाचून वाटेल, यात हरकत घेण्यासारखं काय आहे. पण निर्यात थांबवण्याची सगळी मजा न कळवण्यातच असते. आधी कळवलं तर व्यापारी माल हलवून मोकळे होतात आणि मंत्र्याला टीव्हीवर धडाडी दाखवता येत नाही. त्यामुळे भारत पाटी उभी करणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ती उभी करायला दिल्लीहून आले होते श्री. सुधाकर फणसे, सहसचिव. माझे साडू.

मी वर्षावर्षाच्या करारावर होतो. दर डिसेंबरात माझी बायको, मृणाल, सामानाचे खोके टाकायचे की ठेवायचे ते विचारायची. मुलगी तिथल्या शाळेत फ्रेंचमधून भांडायला शिकली होती. त्या वर्षी संस्थेत एक कायमची जागा निघाली होती, आणि ती भारतीय माणसाला द्यायची असं घाटत होतं. शिफारस मारिटची लागणार होती. बाकी माझी लायकी काय म्हणाल, तर मी कृषी-अर्थतज्ज्ञ. शेतकरी मला अर्थतज्ज्ञ समजत आणि अर्थतज्ज्ञ मला शेतकरी, म्हणून दोघंही मला काही विचारत नसत.

दुपारच्या सत्रात मी सभागृहात गेलो. पडद्यावर तेरावा परिच्छेद चालू होता. भारताच्या पाटीमागे दोन खुर्च्या. एकीवर फणसे, दुसरी रिकामी. तिथं आमच्या दूतावासातले एक अधिकारी बसत, ते आज कुठं दिसत नव्हते. मी याला माझं नशीब समजलो.

"सुधाकरराव," मी मागून वाकून म्हणालो, "जरा बाहेर येता का? घरचं बोलायचंय."

त्यांनी पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "चल," म्हणाले. इतक्या सहज उठले की मी ठरवलेली पुढची तीन वाक्यं वाया गेली.

बाहेरच्या बोळाची एक भिंत काचेची होती आणि तिच्यापलीकडं तलाव. सभागृहाच्या दाराशेजारी एक पडदा होता, त्यावर आत कितवा परिच्छेद चालू आहे त्याचा आकडा दिसायचा. पाठ पडद्याकडं आणि तोंड तलावाकडं होईल असं मी फणशांना उभं केलं. स्वतःच्या हुशारीचं मला कौतुक वाटलं.

"बोल. वासंतीनं काय पाठवलंय ते विचारायचं असेल तर सोडे पाठवलेत. माझे सगळे सूट सुक्या कोळंबीचा वास मारतायत. कालपासून जर्मनी माझ्याशेजारी बसत नाही."

"बापूंच्या सहस्रचंद्रदर्शनाबद्दल बोलायचंय."

बापू खारकर आमचे सासरे. त्यांना एक्याऐंशी पूर्ण झाली तेव्हा ठाण्यात मोठा समारंभ झाला होता.

"त्याला वर्ष झालं," फणसे म्हणाले.

"वर्षभर मी गप्प होतो."

"वर्षभर तू मृणालच्या तोंडून बोलत होतास. आता स्वतःच्या बोलतोयस. प्रगती आहे."

"तुम्हाला शेला दिला. मला उपरणं."

"सुती होतं ना? उन्हाळ्यात सुतीच बरं."

"तुम्हाला बापूंच्या शेजारचा पाट. मला कुठं बसवलं?"

"तुला बसवलंच नव्हतं."

"तेच म्हणतोय. मी इथून विमानानं आलो, भाषण लिहून आणलं. तुम्ही माईक घेतलात आणि म्हणालात, आमचे धाकटे जावई जगाच्या अन्नाची व्यवस्था बघतात, तेव्हा आजच्या जेवणाची व्यवस्था त्यांच्याकडे."

"हसले की लोक."

"माझ्यावर हसले. मग मी शेवटपर्यंत बुफेच्या रांगेपाशी उभा. एक गृहस्थ म्हणाले, पुरी गार आहे. मी म्हटलं, अहो, मी जिनिव्हाहून आलोय. ते म्हणाले, असाल, पण पुरी गार आहे."

फणशांना हसू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मी नाटक करायला आलो होतो. त्या हसण्यानंतर मला नाटकाची गरज राहिली नाही.

"त्यात हसण्यासारखं काय आहे?"

"आहे रे. तू नक्की करतोस काय इथं? मृणालला विचारलं तर म्हणते, कागद लिहितात. बापू अजून समजतात की तू खताच्या कंपनीत आहेस. मी दोनदा सांगितलं, तसं नाही. मग काय ते विचारलं त्यांनी. मला सांगता येईना. म्हटलं, हो, खतच."

"शेतीचं धोरण ठरवतो."

"शेती पाहिलीयस?"

"तुम्ही पाहिलीत?"

"मी कलेक्टर होतो. शेतीचं नुकसान पाहिलंय. मंत्र्यांबरोबर, हेलिकॉप्टरमधून."

माझा आवाज चढला. त्यांचाही चढला. दाराशी उभा असलेला रखवालदार आमच्याकडं बघू लागला. जपानचे प्रतिनिधी हात धुवून परत जाताना आम्हाला अदबीनं वाकून नमस्कार करून गेले. भारत आपली भूमिका ठरवतोय असं त्यांना वाटलं असावं.

पडद्यावर पंधरा आला आणि तिथंच अडकला. आत डाळींवरून कुणीतरी लांबण लावली होती. इकडं माझी सामग्री संपत आली. शेला झाला, पाट झाला, पुरी झाली. बायकोच्या माहेरचा राग माझ्यात भरपूर होता, पण एका दमात काढला तर तो किती लवकर संपतो याचा मला अंदाज नव्हता.

"संपलं?" फणशांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो आणि आठवू लागलो.

"तुझ्या लग्नाचं राहिलंय ना."

"कशाचं?"

"तुझ्या लग्नात तुझ्या काकांनी मला दारात अडवलं. आपण मुलीकडचे कोण, म्हणून विचारलं. मला. मी तेव्हा प्रांत होतो. दारात सरकारी जीप उभी होती."

"जीप आचाऱ्याची वाटली असेल त्यांना."

"पुढं ऐक. अहेराच्या वेळी तुझ्या आईनं वासंतीला जी साडी दिली, ती वासंतीनं मोलकरणीला दिली. मोलकरणीनं परत आणून दिली."

आमच्या या भांडणाच्या वेळी माझ्या आईला जाऊन सहा महिनेच झाले होते. ती साडी तिनं दादरला जाऊन, चार दुकानं हिंडून आणली होती. त्यानंतर मी काय बोललो ते मी लिहीत नाही. मृणाल हे वाचणार आहे.

पडद्यावर सोळा आला. गेला. सतरा आला.

तो येताच फणशांनी कोट ठीक केला. "चल, मला आत जायला हवं," ते म्हणाले आणि दाराकडं निघाले.

मी त्यांच्या आधी दाराशी पोचलो. मूठ धरली आणि पाठ दाराला लावून उभा राहिलो. रखवालदार दोन हातांवर होता.

"आधी माफी मागा," मी म्हणालो. "आईच्या साडीबद्दल."

इतका वेळ मराठीत चाललेलं भांडण फणशांनी एकदम इंग्रजीत नेलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले, "कृपा करून मला आत जाऊ द्या. माझ्या देशाला बोलायचं आहे."

मला वाटलं, साहेबी दाखवतायत. "माफी मागा," मी पुन्हा म्हणालो, मराठीतच.

"कृपा करून दार सोडा," ते इंग्रजीतच म्हणाले, आणि रखवालदाराकडं पाहिलं. तो बिचारा गोंधळला. माझ्या गळ्यात संस्थेचं ओळखपत्र होतं, त्यांच्या गळ्यात देशाचं. दोघांच्या भांडणात कुणाला धरायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

माझ्या पाठीला दारातून हातोड्याचा धक्का जाणवला. पाठोपाठ टाळ्या.

मी बाजूला झालो. फणसे आत गेले. जाताना त्यांनी रखवालदाराच्या छातीवरचं नाव वाचलं, तेवढं मला दिसलं.

त्या संध्याकाळी ते आमच्याकडं जेवायला यायचे होते. आठवडाभर आधी ठरलेलं. येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. ते आले, सोड्यांची पिशवी मृणालच्या हातात दिली आणि खिचडीच कर म्हणाले. मी आतून फुललो होतो. सभागृहातून निघताना मारिटनं मला लांबून मान हलवून दाखवली होती. नॉर्वेत ती मिठी धरतात.

जेवताना फणसे खुशीत होते. दोनदा वाढून घेतलं. शेवटी मला राहवेना.

"तुम्ही रागावलेले दिसत नाही."

"कशाबद्दल?"

"सतरावा मंजूर झाला."

"झाला ना. बरं झालं." त्यांनी खिचडीतला सोडा वेचून तोंडात टाकला. "दिल्लीत आम्हाला दोन मंत्री. एक म्हणाले, पाटी उभी केली नाहीत तर परत येऊ नका. दुसऱ्यांच्या मतदारसंघात कांदा. ते म्हणाले, पाटी उभी केलीत तर परत आल्यावर बघतो. दोघांचे फोन विमानतळावरच आले. इथं आल्यापासून विचार करतोय. आजारी पडावं, तर इथले डॉक्टर जे असेल तेच लिहून देतात. आज दुपारी दूतावासाच्या माणसाला चॉकलेटं आणायला पाठवलं. एक खुर्ची रिकामी झाली, दुसरीचं काय करावं कळेना. आणि तू आलास. घरचं बोलायचंय म्हणत."

मी हातातला घास ताटात ठेवला. "तुमची पाठ होती पडद्याकडं."

"समोर काच होती. आकडे उलटे दिसतात, पण कळतात. पंधराव्याला तू थकलास तेव्हा मात्र धास्ती वाटली. म्हटलं हा आता नमस्कार करून निघतो की काय. म्हणून लग्न काढलं."

"म्हणजे साडीचं खोटं होतं?"

"खरं होतं. खोट्यावर माणूस इतका चिडत नाही."

मृणाल वाढायची थांबली होती. "भाऊजी, तुम्हाला आत जायचंच नव्हतं, तर दाराशी तेवढं कशाला?"

"अगं, मग मी बाहेर काय करत होतो म्हणून सांगू? मी धावलो, मला अडवलं. रखवालदारानं पाहिलंय. तक्रार करून आलोय येताना."

"ह्यांच्या नावानं?"

"दुसऱ्या कुणी अडवलंच नव्हतं."

"ह्यांची नोकरी जाईल."

"छे. आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिथं माणसाला असं काढत नाहीत. चौकशी करून काढतात."

"आणि हे तुम्ही आमच्या घरात बसून आम्हाला सांगताय," मी म्हणालो.

"मग कुठं सांगू? आणि तू कुणाला सांगशील? कशावरून, तर साडू म्हणाला. तुझी संचालक बाई विचारेल, साडू म्हणजे कोण." त्यांनी ताट पुढं केलं. "मृणाल, थोडी खिचडी."

"संपली," मृणाल म्हणाली.

पातेलं आमच्या मधोमध होतं, अर्ध्याहून जास्त भरलेलं. फणशांनी त्यात पाहिलं, मृणालकडं पाहिलं आणि हात धुवायला उठले.

चौकशी झाली. समितीवर तिघं होते, तिघंही सौजन्यानं वागले. सदस्य देशाच्या प्रतिनिधीशी तुम्ही इतका वेळ काय बोलत होता, असं त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. त्यांना शेला, मला उपरणं; आणि त्यांच्या बायकोला माझ्या आईनं दिलेली साडी. त्यांनी समजून घेण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. अहवालात माझ्याबद्दल लिहिलं की श्री. टिपणीस यांनी अधिकार नसताना कापडाच्या व्यापाराविषयी बोलणी केली, आणि कापड हा आमच्या संस्थेच्या कक्षेतला विषय नाही.

मारिटला बोलावलं होतं. "देशबांधवाची विचारपूस करा, असं मी कदाचित म्हटलं असेन," ती म्हणाली. मी तिच्याकडं पाहिलं. तीही माझ्याकडं पाहत होती, अगदी सरळ, डोळे न हलवता. लिहून दिलेलं काही माझ्याकडं नव्हतं. सहमती रद्द करावी का, असा प्रश्न निघाला तेव्हा हातोडा पडलेला आहे असं अध्यक्षांनी निदर्शनास आणलं. परिच्छेद राहिला. मी गेलो. परिच्छेद अजून आहे, कुणी पाळत नाही.

आता मी ठाण्यात एका खासगी संस्थेत कृषी-व्यवसाय शिकवतो. ज्यांना बँकेत जायचंय अशी मुलं समोर बसतात. मुलगी पहिलं वर्षभर आमच्याशी फक्त फ्रेंचमधून बोलली, म्हणजे भांडली. मृणालनं बहिणीशी बोलणं टाकलं, मग बापू गेले तेव्हा पुन्हा धरलं, आणि बातम्या येऊ लागल्या. त्यातली एक अशी की ती कायमची जागा तशीच रिकामी पडली होती. भारतीयच हवा होता, आणि माझ्या प्रकरणानंतर भारत दुखावलेला देश होता. दुखावलेल्या देशानं नाव सुचवलं. फणसे तेव्हा नुकते निवृत्त झाले होते.

ते रुजू झाल्यावर महिन्याभरानं फोन आला.

"हेमंत, कसा आहेस? इथं सोडे मिळत नाहीत रे."

"नाही मिळत."

"बरं, एक विचारायचं होतं. मला अजून कायम केलेलं नाही. सहा महिने बघणार, मग मारिट बाई शिफारस करणार. स्वभावानं कशा आहेत त्या?"

"शांत आहेत."

"तसं मलाही वाटलं. आज त्यांनी एक काम सांगितलंय. एका देशाच्या प्रतिनिधीशी जरा बोलायचंय, बाहेर. तोंडीच सांगितलं. आपल्याकडं मी फाइलवर सही घेतल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नसे. पण इथली रीत वेगळी असेल, म्हणून म्हटलं तुला विचारावं. लिहून मागितलं तर वाईट दिसेल का?"

मृणाल समोर भाजी निवडत बसली होती. फोनचा आवाज मोठा होता. तिनं मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले.

"फार वाईट दिसेल," मी म्हणालो. "विश्वासावर चालतं तिथं सगळं. लिहून मागणारा माणूस त्यांना आवडत नाही."

"मग नुसतं हो म्हणू?"

"हो म्हणा आणि करून टाका."

"बरं झालं तुला विचारलं," फणसे म्हणाले.

"विचारत चला," मी म्हणालो.